कम्युनिटी कॉलेज सुरू होण्याआधी घरात काय काय आवरायचं

सगळ्यात आधी आवरायचा तो एक शब्द : ‘सध्या’. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की आपण म्हणतो, “सध्या कम्युनिटी कॉलेजला आहे.” मूल शेजारीच प्रसादाची द्रोणवाटी घेऊन उभं असतं आणि त्याला तो ‘सध्या’ नीट ऐकू जातो. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, जिथून पुढे युनिव्हर्सिटीत जाता येतं. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि यूसीमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, ट्रान्स्फर होऊन जाणारी बहुतेक मुलं यांतूनच जातात. तेव्हा खालची सगळी तयारी हा शब्द काढून टाकल्यावर करायची. क्युपर्टिनो, सनीवेल, फ्रीमाँटच्या घरांना समोर ठेवून लिहिते आहे, कारण मला तेवढंच माहीत आहे.

अर्ज फुकट आणि ऑनलाइन असतो, तासाभरात होतो. त्यात ईमेल मुलाचा घालायचा, बाबांचा नाही. आपल्याकडे शाळेचं सगळं बाबांच्या ईमेलवर येतं, त्या सवयीने इथेही तोच टाकला जातो आणि मग ऑगस्टमध्ये महत्त्वाची पत्रं बाबांच्या ऑफिसच्या मीटिंगांखाली दबून जातात. रेसिडेन्सीचे, म्हणजे राज्याचे रहिवासी असल्याचे, कागद मात्र तुम्ही काढून ठेवा. टर्म सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिल्याचा पुरावा लागतो, आणि मूल अठराच्या आतलं असेल तर तो आई-वडिलांचा बघतात. एच-४ वर (आई किंवा वडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्या मुलांनाही हा नियम पुरा करता येतो; एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना येत नाही. फरक किती, तर रहिवाशाला सेमिस्टरच्या कॉलेजात युनिटला (विषयाचं वजन मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात. डी-अँझा आणि फूटहिल ही आमच्या भागातली कॉलेजं क्वार्टरवर, म्हणजे साधारण तीन-तीन महिन्यांच्या सत्रांवर चालतात, तिथे ३१. म्हणजे क्वार्टरची १२ युनिटं ३७२ डॉलरला. अनिवासी म्हणून नोंद झाली तर याच्या कितीतरी पट. म्हणून लीज, टॅक्सचे कागद, व्हिसाची प्रत हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा.

आता पालकांना टोचणारी गोष्ट. मूल कॉलेजात दाखल झालं की त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, मग ते सतरा वर्षांचं का असेना. फेर्पा नावाचा संघराज्याचा कायदा आहे हा. तुम्ही फी भरता म्हणून ऑफिसला फोन केलात तर पलीकडची बाई अतिशय गोड आवाजात सांगते की ती काहीही सांगू शकत नाही. पॅरेंट-टीचर मीटिंग नाही, वर्ग बुडवला तर घरी फोन नाही. थोडक्यात, इथे सगळं मिळतं, पण कुणी हाक मारून देत नाही. जाऊन मागावं लागतं, वेळेत मागावं लागतं, आणि ज्याला हवं त्याने स्वतः मागावं लागतं. म्हणून उन्हाळ्यात तयारी करायची ती याची : मुलाने एखादा फोन स्वतः करायचा, स्वतः रांगेत उभं राहायचं, “मला समजलं नाही, परत सांगाल का?” हे न लाजता विचारायचं. आमच्याकडे सुरुवात डेंटिस्टच्या अपॉइंटमेंटपासून केली होती.

मग तीन गोष्टी एकामागोमाग : ओरिएंटेशन, प्लेसमेंट, एज्युकेशन प्लॅन. पूर्वी प्लेसमेंटची परीक्षा असायची. २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर हायस्कूलच्या ग्रेड बघून गणित आणि इंग्रजीचा वर्ग ठरतो, त्यामुळे ट्रान्स्क्रिप्ट हाताशी ठेवा. एपीचे (हायस्कूलात दिलेल्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षांचे) स्कोर कॉलेज बोर्डाकडून या कॉलेजला वेगळे पाठवावे लागतात, आपोआप येत नाहीत. एज्युकेशन प्लॅन म्हणजे कुठल्या क्वार्टरला कुठला विषय याचा कच्चा आराखडा, काउन्सेलरबरोबर बसून केलेला. आमच्या चिरंजीवांना तो कागदी सोपस्कार वाटला. या तीन पायऱ्या पुऱ्या केलेल्यांना रजिस्ट्रेशनची तारीख आधीची मिळते हे त्याला कळलं तेव्हा केमिस्ट्रीची लॅब भरली होती आणि हा वेटलिस्टवर बारावा होता. दोष कॉलेजचा नव्हता, ईमेल आला होता. पहिल्या दिवशी वर्गात जाऊन मागे उभा राहिला, काही मुलं वर्ग सोडून गेली, गळती झाली, जागा मिळाली. प्रत्येकाची गळती वेळेवर होतेच असं नाही.

काउन्सेलरकडे रिकाम्या हाताने जायचं नाही. असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट आहे. या कॉलेजातला कुठला विषय त्या युनिव्हर्सिटीतल्या कुठल्या विषयाच्या बदल्यात चालतो ते तिथे दिसतं. हव्या त्या मेजरची (मुख्य विषयाची) दोन-तीन पानं छापून न्यायची आणि प्रश्न लिहून न्यायचे. अर्धा तास मिळतो, नाहीतर तो “मग काय विचार आहे?” यातच जातो. टॅगबद्दल, म्हणजे ट्रान्स्फरच्या हमीबद्दल, तेव्हाच विचारायचं. यूसीचे सहा कॅम्पस (डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ) अटी पुऱ्या केल्या तर प्रवेशाची हमी देतात, एकाच कॅम्पससाठी अर्ज करता येतो, आणि तो ट्रान्स्फरच्या आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात, एक ते तीस तारखेत. बर्कले, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो या यादीत नाहीत. मंडळात फक्त हीच तीन नावं घेतली जातात, त्यामुळे बाकीच्या सहांची चौकशीच होत नाही आणि सप्टेंबर निघून जातो.

सेवांची यादी लांब आहे. आर्थिक मदतीचा अर्ज पात्र असाल तर भराच. एच-४ आणि एफ-१ ला संघराज्याची मदत मिळत नाही. कमी उत्पन्नाच्या रहिवाशांची युनिटांची फी माफ होऊ शकते. ईओपीएस हा कार्यक्रम १९६९ पासून आहे, घरची परिस्थिती बेताची आणि शिक्षणात मागे पडलेल्या मुलांसाठी. वेगळा काउन्सेलर, पुस्तकांना मदत. ट्यूटरिंग फुकट असतं. आरोग्यकेंद्राची फी भरलेलीच असते, तर वापरा. डी-अँझात फीमधून व्हीटीएचा बसपास मिळतो, म्हणजे पार्किंगच्या चकरा वाचतात. जुलै २०२२ पासून प्रत्येक कॉलेजात बेसिक नीड्स सेंटर असणं बंधनकारक आहे. तिथे धान्य, दूध, कॅन मिळतात आणि राहण्याची अडचण असेल तर वाट दाखवतात. आपल्या मुलाला गरज नसेल, पण त्याच्या शेजारी बसणाऱ्याला असू शकते. त्यामुळे ते केंद्र कुठल्या इमारतीत आहे हे माहीत असलेलं बरं.

डीएसपीएसपाशी, म्हणजे अपंगत्व किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना मदत करणाऱ्या कार्यालयापाशी, मात्र थांबते. लक्ष न लागणं, वाचनाची अडचण, ऐकू कमी येणं, नैराश्य. शाळेत आयईपी किंवा ५०४ (अशा मुलांच्या खास सोयींचा शाळेशी झालेला लेखी करार) होता म्हणून इथे ते आपोआप चालू राहील असं समजू नका. शाळा संपली की तो करार संपतो. कॉलेजात मुलाने स्वतः नोंदणी करायची, कागद द्यायचे, मग परीक्षेला जास्त वेळ किंवा नोट्सची सोय ठरते, आणि तीही पुढच्या परीक्षांसाठी. झालेल्या पेपरचं काही होत नाही. आपल्यातली कितीतरी घरं हा अर्ज करत नाहीत, कारण “रेकॉर्डवर येईल”. ट्रान्स्क्रिप्टवर काही येत नाही. जून-जुलैत शाळेकडून जुने अहवाल मागून घ्या, सप्टेंबरात तिथलं माणूस शोधत बसावं लागतं.

आता विद्यार्थी सरकार, म्हणजे विद्यार्थ्यांनी निवडून दिलेली प्रतिनिधींची सभा. या शब्दाला आपल्या पिढीतले पालक हसतात, त्याला कारण आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात कॉलेजच्या थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्यात त्या परत आणायची तरतूद झाली, तोवर आम्ही पास होऊन विमानात बसलो होतो. आमच्या वेळी वर्गात पहिला येणारा आपोआप सीआर व्हायचा आणि गॅदरिंगच्या वर्गणीपलीकडे त्याचं काम आम्हाला कधी दिसलं नाही. त्याआधीच्या पिढीने निवडणुका बघितल्या, त्यांना त्यातल्या हाणामाऱ्या आठवतात. दोन्हीकडून निष्कर्ष एकच : अभ्यास कर, त्या भानगडीत पडू नकोस.

इथलं प्रकरण वेगळं आहे. वर लिहिलेल्या सेवांचं नियोजन, ग्रेडिंगचे नियम, कुठले कोर्स बंद करायचे, बजेट कसं आखायचं, फी किती, अशा नऊ विषयांवर विद्यार्थ्यांचं मत विचारात घेणं राज्याच्या नियमाने भाग आहे. वर एक जादा कलम असल्यामुळे तिथली मुलं त्याला ‘नाइन प्लस वन’ म्हणतात. कॉलेज चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या विश्वस्त मंडळावर विद्यार्थी बसतो. त्याचं मत सल्ल्यापुरतं असतं, पण माइक असतो. बिलात दोन डॉलरची रिप्रेझेंटेशन फी दिसेल. ती नाकारता येते. नाकारण्याआधी एवढं बघा की त्यातला एक डॉलर राज्यभरच्या विद्यार्थी सिनेटला जातो आणि एक आपल्या कॉलेजात राहतो.

तयारी अशी करायची. पहिल्या क्वार्टरात निवडणूक वगैरे नाही, एक सभा बघायची. डी-अँझात या सरकारला डीएएसजी म्हणतात, इतर कॉलेजांत नावं वेगळी, पण नियम एकच : ब्राउन ॲक्ट. १९५३ चा हा कायदा नगरपालिकांना लागतो तसाच या पोरांच्या सिनेटलाही लागतो. अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, अजेंड्यावर नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही, आणि बहुसंख्य सदस्यांनी आपसांत बाहेर चर्चा करून ठरवून यायचं नाही, ग्रुपवर मेसेज टाकूनसुद्धा नाही. (आपल्या मंडळाला हा कायदा लावला तर कार्यकारिणीला व्हॉट्सॲपच बंद करावं लागेल.) तेव्हा अजेंडा आधी वाचून जायचं, मागच्या सभेचं इतिवृत्त चाळायचं, बजेटचा तक्ता मिळाला तर कुठल्या कार्यक्रमाला किती दिले ते बघायचं. दुसऱ्या सभेला बोलायचं. वेळ मोजून मिळतो, दोन-तीन मिनिटं, म्हणून घरी घड्याळ लावून वाचून बघायचं. “ट्यूटरिंग संध्याकाळी सहाला बंद होतं आणि माझी शिफ्ट पाचला संपते” हे एक वाक्य पुरतं, प्रस्तावना नको.

क्लब काढायचा असेल तर वेगळी धावपळ. पाच-सहा मराठी मुलांनी कॅम्पसवर दिवाळी करायची ठरवली तरी क्लबची नोंदणी, सल्लागार म्हणून एक प्राध्यापक, खोलीचं आरक्षण, बाहेरचं खाणं आणायचे नियम, हे सगळं येतं. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि क्वार्टर सुरू होतो सप्टेंबरच्या शेवटी. म्हणजे पहिल्या आठवड्यातच प्राध्यापकाला गाठायचं. उमेदवारी पुढच्या वर्षी. त्यासाठी पदावर असेपर्यंत सेमिस्टरची किमान ५ युनिटं किंवा क्वार्टरमध्ये तितक्याच तोलाची चालू असावी लागतात आणि ग्रेड टिकवावी लागते. केमिस्ट्री आणि निवडणूक एकाच क्वार्टरात घेऊ नये, हे माझं मत.

पालकांसाठी एक सोय राहिली. ग्रेड बघायचा हक्क तुम्हाला नाही, पण त्या सभेत बसायचा आहे. सभा जाहीर असते, दारात कुणाला नाव सांगायचीही सक्ती नाही. मी एकदा गेले होते. मुलाने आदल्या रात्रीच बजावलं होतं की तू काही बोलायचं नाहीस. विषय होता परीक्षेच्या आठवड्यात लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत उघडी ठेवायची. त्यावर पाऊण तास गेला. मी शेवटच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन गप्प बसले.