बाळासाठी घरात कॅमेरा बसवायचाय आणि सासूबाई नको म्हणतायत, तर बोलायचं कसं?

नवरा शिरोली एमआयडीसीत, बायको गोकुळ शिरगावला, बाळ घरी आत्तींकडं, म्हंजे सासूबाईंकडं, आणि मदतीला एक मावशी, अशी घरं आता कोल्हापुरात लई झाल्यात. कॅमेऱ्याचा विषय निघाला की आत्ती म्हणतात, "म्हंजे माझ्यावर लक्ष ठेवणार व्हय?" आणि त्यांचं चुकत नाही, दिवसभर बाळाजवळ त्याच असतात म्हटल्यावर कॅमेऱ्यात दिसणार पण त्याच.

म्हणून आधी ऑर्डर करून मग सांगायचं असं अजिबात करू नका, खोकं घरात आलं की आपल्याला विचारलंच नाही असं मनात बसतं ते जात नाही. विषय मुलानं काढावा, सुनेनं नको. पाहुण्यांपुढं तर नकोच, रविवारी दुपारच्या चहाला निवांत बसून बोला. कामावर जीव लागत नाही म्हणून कॅमेरा हवा असेल तर तसं सांगा, आणि मावशींवर शंका असेल तर तेही सांगा, लपवलेलं नंतर कळलं की जास्त लागतं.

मग त्यांना नेमकं काय खटकतंय ते विचारा आणि मधे बोलू नका. बहुतेक वेळा दुपारी जरा आडवं होणं, माहेरचा फोन, शेजारणीशी बोलणं असलंच काहीतरी असतं. बोलणं ऐकू जायला नको असेल तर बऱ्याच कॅमेऱ्यांत ॲपमधनं माईक बंद करता येतो. बाकीचं दाखवूनच पटतं. कॅमेरा जिथं लावायचाय तिथं एक मोबाइल व्हिडिओ कॉल लावून ठेवा आणि दुसरा आत्तींच्या हातात द्या, पाळणा दिसतोय, त्यांची कॉट दिसत नाही, हे त्यांनीच बघू देत, आणि कोन बदला म्हणाल्या तर लगेच बदला. जागा ठरवताना कॅमेरा आणि त्याची वायर पाळण्यापासनं किमान 3 फूट लांब पाहिजे, बाळ वायर ओढतं आणि गळ्याला अडकू शकते.

बंद करायचा हक्क त्यांचाच. प्लगचं बटण त्यांच्या हाताला येईल असं ठेवा, साडी बदलताना, बाळाला तेल लावून आंघोळ घालताना त्यांनी बंद केलं तर "का बंद केला" म्हणून फोन करायचा नाही. बघणार फक्त आईबाप, नणंद, काका कुणी नाही. क्लिप फॅमिली ग्रुपवर टाकायची नाही आणि भांडणात पुरावा म्हणून तर कधीच काढायची नाही, हा शब्द मुलानं स्वतः द्यावा. मेमरी कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावरच नवीन रेकॉर्ड होतं हेही सांगा, कायमचं साठतंय असं वाटत असतं. कंपनीचा आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि ओटीपीवालं लॉगिन चालू करा, नाहीतर बाहेरचा माणूस घरात बघू शकतो ही त्यांची भीती खरी ठरते.

मावशींना पण आधीच सांगायचं, कॅमेरा कुठं आहे ते दाखवून. बाथरूम, कपडे बदलायची खोली इथं विषयच नाही, कुणाचं खाजगी अंग परवानगीशिवाय टिपणं हा आयटी कायद्याच्या कलम 66ई खाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

एवढं करून पण नको म्हणाल्या तर गुपचूप लावू नका. 11 वाजता आणि 4 वाजता व्हिडिओ कॉल ठरवून घ्या, कॉल त्यांनी लावायचा, आणि बाळ झोपलेलं असेल तर नुसता एक फोटो.