नाशकात घरी काळी मिरी आणि अळू कसं लावायचं (आणि शेजारी-शेजारी का लावायचं नाही)

काही वर्षांपूर्वी मी काळी मिरीचं रोप आणलं आणि सरळ मागच्या अंगणात मोरीच्या पाइपापाशी लावून टाकलं. तिथे अळू नुसतं माजलं होतं, आणि माझ्या डोक्यात असं की दोघांनाही पाऊस आवडतो, दोघांनाही सावली चालते, मग नांदतील की एकत्र. अळू नांदलं. मिरीची पानं ऑगस्टमध्ये पिवळी पडायला लागली, मग बुंधा मातीलगत काळा पडून मऊ झाला आणि गणपती जायच्या आत वेल गेला. आई म्हणाली, "अरे पाणी जास्त झालं." मी म्हटलं, केरळात काय पाणी कमी असतं का?

नंतर कळलं की घोळ तिथेच होता. मिरीला हवा ओली लागते पण मुळं मोकळी लागतात, अळूला मुळंच ओली लागतात, चिखल असला तरी चालतं. केरळात जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो पण तो उतारावरून वाहून जातो, मुळाशी साचून राहत नाही. आपल्या नाशिक शहरात पाऊस त्या मानाने थोडाच, सातशे मिलिमीटरच्या आसपास, पण काळी माती एकदा भिजली की आठ-आठ दिवस वाळत नाही. आणि उरलेल्या वर्षात हवा कोरडी. म्हणजे मिरीला नको ते सगळं आपल्याकडे आहे. तरी ती येते, फक्त थोडे लाड करावे लागतात. अळूला लाड नको, पाणी द्या बस.

१) आधी जागा बघा

अळूसाठी सिंकचं, भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी जिथे जातं ती जागा बेस्ट. साबणाचं किंवा संडास-बाथरूमचं पाणी नको, पानं आपण खाणार आहोत. (म्हणूनच नाल्याकाठी वाढलेलं अळू कितीही टवटवीत दिसलं तरी मी घेत नाही.) अर्धी सावली चालते. अंगण नसेल तर जुना टब घ्या, त्याला भोकं कमी पाडली तरी चालतील.

मिरीला सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली, म्हणजे घराची पूर्व बाजू. वेल चढवायचा असेल तर खरखरीत सालीचं झाड हवं, आंबा, नारळ, सिल्व्हर ओक वगैरे. पेरू आणि निलगिरीवर नको, त्यांची साल सुटते आणि वेल सालीसकट खाली येतो. इगतपुरी, त्र्यंबक साइडला ज्यांचं घर किंवा शेत आहे त्यांनी बिनधास्त झाडावर चढवावी, तिकडचा पाऊस आणि गारवा मिरीच्या खूप जवळचा आहे. शहरात मात्र मी कुंडीच सुचवेन.

२) रोप कुठून आणायचं

अळूचं सोपं आहे. बाजारातून मोड आलेल्या चार अळकुड्या आणा आणि पुरा, झालं. पण वडीसाठी लावत असाल तर कुणाकडून तरी काळपट देठाच्या अळूचं पिल्लू मागून आणा, ते पान जाड असतं, वडी मोडत नाही. हिरव्या देठाचं पातळ भाजीला ठीक. एक लक्षात ठेवा, नर्सरीत शोभेची अळूसारखी दिसणारी बरीच झाडं असतात, ती खायची नाहीत. खात्री नसेल तर सरळ सोडून द्या.

मिरीचं उलट. डब्यातले मिरे पेरून काही उगवत नाही, ते वाळवलेले असतात, बऱ्याचदा उकळत्या पाण्यातून काढलेले. कलमच लागतं. त्यातही दोन प्रकार आहेत. सरपटणाऱ्या फांदीपासून केलेलं रोप वर चढतं आणि तिसऱ्या वर्षापासून धरायला लागतं. आडव्या, फळ देणाऱ्या फांदीपासून केलेलं रोप चढतच नाही, झुडूप होऊन कुंडीत बसतं आणि बहुतेक पहिल्या-दुसऱ्या वर्षीच घोस दाखवतं. याला बुश पेपर म्हणतात, फ्लॅटवाल्यांनी हेच मागायचं. जात विचारली तर पन्नियूर-१ सांगा. केरळातल्या पन्नियूरच्या मिरी संशोधन केंद्राचा हा संकर आहे आणि त्याला गर्द सावली लागत नाही, उलट उजेड आवडतो, म्हणून आपल्याकडे बरा. आणि पान चुरगळून वास घ्या. नागवेल मिरीच्याच कुळातली, पानं लांबून सेम दिसतात. मला एका नर्सरीने मिरी म्हणून नागवेल दिली होती, वर्षभर खत घातल्यावर कळलं, शेवटी जेवणानंतर पान खायची सोय झाली.

३) माती आणि लावणी

दोन्ही जूनमध्ये, पहिला चांगला पाऊस झाला की लावा.

मिरीसाठी दोन भाग पोयटा माती, एक भाग वाळू, एक भाग जुनं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. शेतातली काळी माती भरू नका, हात जोडून सांगतो. कुंडी बारा इंची, तळाला भोकं मोठी आणि त्यावर खापराचे तुकडे. पाणी ओतलं की मिनिटभरात खालून निघालं पाहिजे, नाही निघालं तर परत सगळं काढा आणि वाळू वाढवा.

अळूला कुठलीही माती, शेणखत भरपूर. गड्डा तीन इंच खोल, दोन गड्ड्यांत दीड-दोन फूट.

४) वर्षभराचं पाणी

अळूला रोज. मिरीला बोट घालून बघायचं, वरची इंचभर माती सुकली असेल तरच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा मिरीवर हिरवी जाळी, मातीवर सुक्या पाल्याचा थर आणि संध्याकाळी पानांवर फवारा. थंडीत निफाडकडे तापमान एक आकडी होतं तेव्हा कुंडी भिंतीलगत सरकवायची. अळू थंडीत बारीक होतं, मेलं समजून उपटू नका, गड्डा जिवंत असतो.

आता एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मिरीच्या फुलांचे परागकण पसरायला पावसाचं पाणी मदत करतं. माझी कुंडी बाल्कनीत छताखाली होती, घोस आले पण त्यात दाणे विरळ, मधे-मधे टक्कल. पुढच्या जून-जुलैमध्ये कुंडी पावसात ठेवली आणि पाऊस नसेल त्या सकाळी घोसांवर हलका स्प्रे मारला, दाणे बऱ्यापैकी भरले.

५) रोगराई

गंमत म्हणजे दोघांचा मोठा शत्रू एकाच घराण्यातला आहे, फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा रोगजंतू. मिरीत तो मूळ-बुंधा कुजवतो (माझा वेल बहुतेक यानेच गेला), अळूत पानावर तपकिरी ओले डाग पाडतो. मिरीला लावतानाच ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्र-बुरशी) घाला आणि पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण), द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको. अळूवर मी बोर्डो मारत नाही, डागाळलेली पानं कापून लांब टाकतो.

अळूवर मावा आला तर नुसतं पाणी मारून उपयोग नाही. अळवावरचं पाणी आपण उगाच म्हणत नाही, थेंब गोळ्यासारखा घरंगळून खाली. निंबोळी अर्कात दोन थेंब लिक्विड सोप टाकून पानाच्या खालच्या बाजूने मारा, मावा तिथेच असतो, आणि मग आठ-दहा दिवस ती पानं तोडू नका.

६) काढणी आणि स्वयंपाकघर

अळूची पानं दीड-दोन महिन्यांत सुरू. झाडावर दोन-तीन पानं ठेवून बाकी देठासकट कापायची, म्हणजे श्रावणात वड्या, ऋषिपंचमीला ऋषीची भाजी आणि अधूनमधून शेंगदाणे-हरभरा डाळ घातलेलं फतफदं, सगळं घरचं. गड्डे हवे असतील तर सहा-सात महिने थांबा. अळूत सुईसारखे बारीक खडे असतात, त्यानेच घसा खवखवतो. म्हणून देठ सोलताना हाताला तेल, भाजी नीट शिजवायची आणि चिंच किंवा आंबट ताक घालायचंच. वडीला पानाच्या मागच्या शिरा लाटण्याने दाबून मग पीठ लावा.

मिरी फुलापासून सहा-आठ महिने घेते, आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारी. घोसात एक-दोन दाणे लालसर झाले की अख्खा घोस काढायचा, दाणे सोडवायचे, चाळणीत घेऊन मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवायचे आणि चार-सहा दिवस कडक उन्हात वाळवायचे. दुसऱ्या दिवशीच काळे होऊन सुरकुततात. माझे ओले १९० ग्रॅम भरले, वाळून साधारण ६०. म्हणजे अळू जसं घरादाराला पुरतं तसं मिरीकडून मागू नका. त्या ६० ग्रॅममधले निम्मे आईने काळ्या मसाल्यात घातले, उरलेले काढ्यासाठी वेगळ्या बाटलीत आहेत आणि त्याला सध्या मलाही हात लावायची परवानगी नाहीये.