बर्न्स वॉर्डात नव्याने येणाऱ्या आहारतज्ज्ञांसाठी

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून आहारशास्त्र शिकून मी वॉर्डात पहिल्यांदा आले, तेव्हा हाताशी कुरेरीचं सूत्र होतं, भाजलेल्या रुग्णाला दिवसाला किती कॅलरी लागतात ते काढायचं. वजनाला 25 ने गुणायचं, अंगाची जितके टक्के कातडी भाजली त्या आकड्याला 40 ने गुणायचं आणि बेरीज करायची. 50 किलोची बाई, 30 टक्के भाजलेली, म्हणजे 2450 कॅलरी. तक्ता लिहून दिला आणि पुढच्या खाटेकडे वळले.

तिसऱ्या दिवशी पाहिलं तर ताटं जवळजवळ तशीच परत जात होती. ड्रेसिंगला भूल द्यायची म्हणून सकाळपासून उपाशी, ड्रेसिंगनंतर वेदनेने घास उतरेना, संध्याकाळी औषधाची गुंगी. चूक माझीच होती. तेव्हापासून मी लिहिलेलं मोजत नाही, पोटात गेलेलं मोजते. तुम्हीही पहिल्या दिवसापासून तीच सवय लावून घ्या. शिवाय हे सूत्र 1974 चं आहे, गरजेपेक्षा जास्त आकडा देतं. सुरुवातीचा अंदाज म्हणूनच वापरा.

वजनकाट्यावरही पहिल्या आठवड्यात विसंबू नका. सलाईनमुळे अंगावर सूज असते, त्यात पट्ट्यांचं ओझं. काटा वर जातो आणि आत मांड्या-दंड झिजत असतात. मोठ्या भाजण्यात शरीराचा ऊर्जाखर्च दीडपट, कधी दुप्पटही होतो आणि प्रथिनांसाठी शरीर स्वतःचे स्नायू तोडायला लागतं. म्हणून रोज किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं हवीत. मोठ्या जखमांत तोंडाने पुरत नसेल तर नाकातल्या नळीने, शक्यतो पहिल्या 24 तासांतच आहार सुरू करतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांशी बोलून ठरवा.

घरच्या समजुतींना वेळ द्या. दांडिया बाजारातल्या एका आजींनी नातीला आठवडाभर भाताची पेजच दिली होती. डाळीने जखम पिकते, दह्याने पू होतो, असं त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं. मी म्हटलं, "आजी, नवी कातडी यायला माल लागतो, तो पेजेत नाही." दुसऱ्या दिवशी त्या मुगाची घट्ट खिचडी, वर तूप, असं घेऊन आल्या. अंडं घरात चालत नव्हतं, मग पनीर, दुधात दुधाची पावडर आणि डाळ्याचं पीठ घातलेली सुखडी, म्हणजे गूळ-तुपाची वडी. दर दोन तासांनी थोडंथोडं. ड्रेसिंगच्या दिवशी उपाशी राहायची वेळ नर्सला विचारून घेतली आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे वाट्या बसवल्या.

फिजिओथेरपिस्टशी रोज बोला. हालचाल नसेल तर दिलेल्या प्रथिनांचा स्नायू बनत नाही. आणि रुग्णाला ज्या स्थितीत आराम वाटतो, त्याच स्थितीत सांधा आखडतो. मान भाजली असेल तर उशी नको, काख भाजली असेल तर हात अंगापासून दूर ठेवायचा. आई मायेने उशी सरकवते, तिला कारण समजावून सांगा. बोटं भाजली असतील तर भरवण्याऐवजी जाड मुठीचा चमचा द्या, तोही व्यायामच.

घरी सोडताना आहार बंद होत नाही. वाढलेला ऊर्जाखर्च कित्येक महिने, मोठ्या भाजण्यात वर्षाहून अधिक टिकतो. व्रण दाबणारे घट्ट कपडे सांगितले असतील तर ते दिवसाचे 23 तास घालायचे असतात. बडोद्याच्या मे महिन्यात ते फार जड जातं. दोन जोड शिवून घ्यायला सांगा, म्हणजे एक धुता येतो, आणि घाम जातो म्हणून पाणी नि छास वाढवा.