मित्रमंडळींसोबत एका दिवसाचं रामटेक: आधी गड, शेवटी मनसर

नागपूरहून रामटेक जेमतेम ५० किलोमीटर, आणि जवळ आहे म्हणूनच ही सहल फसते. मंडळी दहाला निघतात, आधी खिंडसी तलावावर बोटीत बसतात, भर उन्हात गडावर जातात आणि दर्शन घेऊन परततात. विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटक या प्राचीन राजघराण्याचं रामटेक राहूनच जातं. ते बघायचं असेल तर सकाळी साडेसहाला गाडी निघालीच पाहिजे.

महिने ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो खरा, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं. रबरी तळाचे, पकड असलेले बूट घाला. मे महिन्याचा विचारही करू नका. रामनवमी आणि त्रिपुरी पौर्णिमेला जत्रेसाठी जरूर जा, पण त्या गर्दीत शिल्पं निवांत बघता येत नाहीत.

रस्ता कामठी, कन्हान, मनसर असा. मनसरला जबलपूरचा महामार्ग सोडून उजवीकडे वळायचं. दोन गाड्या असतील तर थांबण्याची जागा निघतानाच ठरवा: मनसरचं वळण. पुढची गाडी गप्पांच्या नादात सरळ सिवनीकडे जाते आणि अर्धा तास तिला परत बोलावण्यात जातो. सहा-सात जण असाल तर सात आसनी एकच गाडी बरी. गाडी नसेल तर एसटी आहे, इतवारीहून रेल्वेही आहे; मग गावातून वर जायला रिक्षा करावी लागते. कॉन्ट्री निघतानाच गोळा करून एकाच्या हाती द्या, सुट्ट्या नोटांसह.

न्याहारी नागपुरातच तर्री-पोह्यांची उरका. डब्याला दशम्या, ठेचा आणि सांभारवडी: माणशी तीन दशम्या, दोन वड्या पुरतात. ठेचा घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर दुपारपर्यंत सगळ्या पिशवीला तेल लागतं. पाणी माणशी दोन लिटर. संत्र्यांचा हंगाम असेल तर माणशी दोन संत्री, आणि सालींसाठी रिकामी पिशवी.

गडावर गाडी जवळपास वरपर्यंत जाते. पण गुडघे धड असलेल्यांनी खाली अंबाळा तलावाशी उतरून पायऱ्यांनी चढावं. गाडी चालवणाऱ्याने ज्येष्ठांना घेऊन वर जावं. वानरांची काळजी घ्या. त्यांना प्लॅस्टिक पिशवीचा खुळखुळाट बरोबर कळतो. प्रसाद, केळी, बिस्किटं पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवा. वानराने काही हिसकलंच तर सोडून द्या. ओढाताणीत चावा बसतो.

वर पोचल्यावर सगळे सरळ राममंदिराकडे धावतात. तुम्ही आधी दोन नरसिंह मंदिरं गाठा: रुद्र नरसिंह आणि केवल नरसिंह. ही पाचव्या शतकातली, वाकाटक काळातली. बाहेरून साधी, बसकी दगडी खोली दिसते, म्हणून लोक पुढे निघून जातात. आत तांबूस दगडाचा भला थोरला नरसिंह एक गुडघा उभा करून बसलेला आहे. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, म्हणजे देव एकटाच. ‘केवल’चा अर्थच तो. गाभारा अंधारा आहे. विजेरीचा झोत समोरून मारला तर मूर्ती सपाट दिसते, बाजूने तिरपा धरला तर आयाळ आणि स्नायू उठून येतात. इथे निदान अर्धा तास द्या. दुसरा चंद्रगुप्त या गुप्त सम्राटाची लेक प्रभावतीगुप्ता वाकाटकांची राणी होती. नवरा गेल्यावर मुलांच्या नावे तिने राज्य चालवलं, आणि तिच्या रिद्धपूर ताम्रपटात रामगिरीच्या स्वामीचा उल्लेख आहे. तो रामगिरी म्हणजे हाच डोंगर.

मग वराहाची अखंड मूर्ती. तिच्या पोटाखालून सरपटत निघेल तो पुण्यवान, अशी जुनी समजूत. थट्टा होणारच, पण अंगाने भरलेल्या मित्राला भरीला पाडू नका. अडकलाच तर ओढू नका, श्वास सोडून आला तसा मागे सरकू द्या. पुढे दरवाजे ओलांडून लक्ष्मण आणि राम यांची मंदिरं लागतात. अकराच्या आत दर्शन उरका, कारण चपला काढल्यावर फरशी चटके देते. सुती मोजे खिशात असू द्या.

कालिदास स्मारकात मेघदूतातल्या प्रसंगांची चित्रं आहेत. कालिदासाच्या या काव्यातला शापित यक्ष ज्या डोंगरावर राहतो तो रामगिरी हाच, हे नागपुरात संस्कृत शिकवणाऱ्या वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. चित्रं बघण्याआधी मंडळींपैकी एकाने गोष्ट पाच मिनिटांत सांगावी, म्हणजे सगळ्यांना रस येतो.

जेवण खाली, अंबाळ्याच्या काठी सावलीत. घाटावर श्राद्धविधी चालतात, तिथून जरा लांब बसा.

दुपारी खिंडसी किंवा नगरधन, दोन्ही नाही. दोन्ही करायला गेलं की मनसर हुकतं. बरोबर मुलं असतील तर खिंडसीची बोट. अंगावर जीवरक्षक जाकीट घालूनच बसा. इतिहासाची ओढ असेल तर नगरधन. भोसलेकालीन किल्ला बघायला मिळतो, आणि वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच मानतात. २०१५ ते २०१८ च्या उत्खननात इथे प्रभावतीगुप्तेच्या नावाचा मातीचा मुद्रांक, म्हणजे शिक्क्याचा ठसा, सापडला.

मनसर परतीच्या वाटेवर, चार ते साडेपाच. हिडिंबा टेकडीवर विटांचं प्राचीन बांधकाम आहे आणि सावली अजिबात नाही. डोक्यावर सूर्य असताना सगळ्या विटा एकसारख्या तांबड्या दिसतात. ऊन कललं की प्रत्येक खाच, प्रत्येक कोपरा वेगळा होतो. इथे ‘प्रवरेश्वरस्य’ अशी अक्षरं असलेले मुद्रांक मिळाले. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन याच्याशी ही जागा जोडतात. विटांवर चढू नका, कडा लगेच सुटतात. फोटो खालूनच चांगला येतो.

अंधार पडायच्या आत महामार्गाला लागा, मालमोटारींची रांग संध्याकाळी वाढते. निघण्याआधी माणसं मोजा आणि सालींची पिशवी गाडीत आली का ते बघा.