डीपीएफचा दिवा लागलाय? सेन्सर बदलायच्या आधी पाइप बघा की

एप्रिल २०२० नंतरची बीएस६ डिझेल गाडी असली आणि डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागला, की आपल्या बेळगावात पहिलं ऐकायला मिळतं ते, सेन्सर गेलाय. माझ्याही गाडीचा "गेला होता", नवीन बसवला, पैसे मोजले आणि खानापूरला जाऊन येईपर्यंत दिवा परत हजर. शेवटी निघालं काय, तर रबरी पाइपला चीर!

सेन्सर दोन असतात, घोळ करू नका. एक प्रेशरचा, डीपीएफच्या अलीकडनं आणि पलीकडनं एकेक बारीक पाइप त्याला येतो, दोन्हीकडच्या दाबातल्या फरकावरनं ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) काजळी किती साठलीय त्याचा अंदाज काढतो. दुसरा पीएम सेन्सर (पीएम म्हणजे धुरातले बारीक कण), हा नव्या गाड्यांत डीपीएफच्या पलीकडं असतो. त्याच्या सिरॅमिकवर बारीक इलेक्ट्रोड असतात, काजळी बसली की त्यातनं करंट जायला लागतो, मग आतला हीटर ती जाळून टाकतो आणि परत पहिल्यापासून. करंट फार लवकर वाढला तर डीपीएफ तडकला असणार. सायलेन्सरमधे बोट फिरवून बघा, काळं झालं तर संशय पक्का.

आता ईसीयूतले आकडे वाचायचा स्कॅनर लावा (स्वस्तातला ब्लूटूथवाला सगळ्या गाड्यांत दाबाचा आकडा दाखवत नाही). किल्ली ऑन, इंजिन बंद, डिफरन्शियल प्रेशर, म्हणजे तोच दाबातला फरक, शून्याजवळ पाहिजे. नसला तर सेन्सरवरचे दोन्ही पाइप काढा, तरी आकडा तोच राहिला तर मात्र सेन्सरच गेलाय. मग पाइप लावून इंजिन चालू करा, रेस कराल तसा आकडा वर जाऊन खाली आला पाहिजे, हललाच नाही तर पाइप फाटलाय, चोंदलाय, नाहीतर आधीच्या मालकानं डीपीएफ आतनं फोडलाय, सेकंडहँड घेताना हे बघाच. पाइपात हवा मारायची ती सेन्सरवरनं काढूनच, नाहीतर चांगला सेन्सर पण जातोय. पीएम सेन्सरचं टोक घासू नका, कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) तर अजिबात नको.

सेन्सर नवीन टाकलाच तर स्कॅनरनं रीसेट करून घ्या, बऱ्याच गाड्यांत ते लागतं.

आणि सगळं ठीक निघालं तर काजळी खरंच भरलीय, टिळकवाडी ते शहापूर एवढीच गाडी फिरवली तर दुसरं काय होणार, ती जळायला ६०० डिग्रीच्या आसपास लागतं. दिवा नुसता लागला असेल तर काकतीवरनं निपाणीच्या बाजूला हायवेला वीस-पंचवीस मिनिटं एकसारखी चालवा, मधेच बंद करू नका आणि वाळलेल्या पाचटावर तर उभीच करू नका, खालचा पाइप लई तापलेला असतो. इंजिनचा पण दिवा लागून पिकअप गेला असेल तर हायवेच्या नादाला न लागता सरळ गॅरेज गाठा.