विना नांगरणीच्या रानात एकदा नांगर घालायचा असेल तर

चार-पाच वर्षं नांगर न लावता पऱ्हाटी-मका घेतलेल्या काळ्या रानात स्फुरद (फॉस्फरस) वरच्या दोन-तीन बोटांतच साचतो. तो जागचा हलत नाही, आणि पावसाचा खंड पडून वरचा थर वाळला की मुळांना मिळतही नाही. म्हणून आधी माती तपासा, पण नमुना दोन थरांत घ्या: वरचा ५ सेंटिमीटर वेगळा, त्याखालचा १५ पर्यंत वेगळा. दोन्हींत फार फरक नसेल तर नांगराचं नावही काढू नका.

फरक मोठा असेल, किंवा हराळी-लव्हाळा आटोक्याबाहेर गेला असेल, तर एकदाच, तेही मे महिन्यात, रान कोरडं असताना नांगरा. ओल्या काळ्या मातीत नांगर घातला तर ढेकळं निघतात आणि खाली तवा, म्हणजे टणक थर, बसतो. रोटाव्हेटर तर नकोच; मुळांशी जोडलेल्या मायकोरायझा बुरशीचे धागे तो पार चुरून टाकतो. हेच धागे पिकाला स्फुरद आणि जस्त पोचवतात. नांगरानेही जाळं तुटतंच, पण जिवंत मुळं मिळाली की ते परत विणलं जातं.

त्यामुळे नांगरलेलं रान पडीक ठेवू नका. मृगाच्या पावसावर ज्वारी, मका किंवा तूर पेरा. मोहरी-कोबी त्या वर्षी टाळा, त्यांच्या मुळांवर ही बुरशी जगत नाही. नांगरटीनंतर नत्र थोडं जास्त सुटतं, तेव्हा युरियाचा पहिला हात जरा आखडताच घ्या.