जर्मनीत शिकायला आलात? बाळंतपणाच्या विम्यात या चुका टाळा

जर्मनीला निघालेल्या मुलामुलींना ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं आणि दरमहा ठरावीक रक्कम सोडणारं खातं), भाषेची परीक्षा, खोलीचं भाडं सगळं तोंडपाठ असतं. बाळंतपणाचा विषय मात्र कोणी काढत नाही, कारण 'आत्ता कुठे' असंच प्रत्येकाला वाटत असतं. आणि विम्याचा निर्णय होतो पहिल्या आठवड्यात, बॅगा नीट उघडलेल्याही नसताना. पुढे जर्मनीत बाळंतपण झालं तर खिशातून जवळजवळ काहीच जाणार नाही की हजारो युरो जातील, ते याच आठवड्यात ठरून जातं.

स्वस्त प्रायव्हेट विमा घेऊन बेफ्रायुंगवर सही करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि दर ऑक्टोबरला ती नव्याने होते.

विद्यापीठात प्रवेश घेतलेल्या तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला पब्लिक विमा, म्हणजे क्रांकनकासे या सार्वजनिक आरोग्य-विमा संस्थेचं सदस्यत्व, कायद्यानेच लागू होतं. टीके, एओके, बारमर यांपैकी कुठलीही कासे घेतली तरी काळजी-विम्यासकट (दीर्घकाळच्या देखभालीचा सक्तीचा विमा) महिन्याला साधारण 140 ते 150 युरो जातात. प्रायव्हेट कंपन्यांच्या 'इनकमिंग', म्हणजे परदेशातून येणाऱ्यांसाठीच्या, पॉलिस्या तीस-चाळीस युरोंपासून मिळतात. पण ती पॉलिसी घेऊन प्रवेश पक्का करायचा तर आधी पब्लिक विम्यातून सूट मागावी लागते. ही सूट म्हणजे बेफ्रायुंग. अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. सूट एकदा मंजूर झाली की शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. हे सामाजिक विम्याच्या कायद्यातच लिहिलेलं आहे, त्यामुळे कासेच्या काउंटरवर रडून-भेकून उपयोग होत नाही.

नेहमी दिसणारं चित्र असं. मुलगी सव्वीस वर्षांची, लग्न उन्हाळ्यात झालेलं, नवरा पुण्यात, ही सप्टेंबरअखेर जर्मनीत. आधीच्या बॅचच्या कोणीतरी सांगितलं, 'आजारी कोण पडतंय, स्वस्तातला घे.' महिन्याला शंभर युरो वाचतात म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिने बेफ्रायुंगवर सही केली. नोव्हेंबरात कळलं, दिवस गेलेत, आणि तेही निघण्याआधीचे. डॉक्टरांकडे पहिला प्रश्न आला तो विमा-कार्डाचा. कार्ड नाही म्हटल्यावर तिची नोंद झाली 'स्वतः पैसे भरणारी' अशी. विमा कंपनीचं पत्र आलं: पॉलिसी सुरू होण्याआधी राहिलेली गर्भधारणा संरक्षणात बसत नाही. कासेचं पत्र आलं: सूट मागे घेता येणार नाही.

आता आकडे बघा. खासगी रुग्ण म्हणून डॉक्टरांची बिलं सरकारी दरपत्रकाच्या मूळ दराने येत नाहीत, बहुतेक वेळा 2.3 पटीने येतात. प्रत्येक तपासणी, प्रत्येक सोनोग्राफी, प्रत्येक रक्ततपासणीचं बिल वेगळं, आणि प्रयोगशाळेचं त्याहून वेगळं. साधी प्रसूती साधारण दोन-तीन हजार युरोंत जाते, सिझेरियन त्याच्या बऱ्याच पुढे. बाळाला काचपेटीत ठेवावं लागलं तर बिल दिवसागणिक चढतं. इकडे ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला सुटतात 992 युरो. भाडं, जेवण आणि बाळंतपण एवढ्यात बसत नाही.

'नवऱ्याला बोलावते, त्याला नोकरी लागली की त्याच्या पब्लिक विम्यात जाते,' हा मार्गही तिला बंद आहे, कारण बेफ्रायुंग घेतलेल्या व्यक्तीला जोडीदाराच्या कौटुंबिक विम्यात घेत नाहीत. बाळाला मात्र घेतात. म्हणजे नवऱ्याला वेळेत नोकरी लागली तर निदान बाळाचा खर्च वाचतो. तिच्या वाट्याला उरतं ते एवढंच: रुग्णालयाकडून आधी लेखी खर्चाचा अंदाज, म्हणजे कोस्टेनफोरआनश्लाग, मागून घ्यायचा आणि हप्ते ठरवून घ्यायचे. अंदाज न घेता भरती होऊ नका.

उपाय एका ओळीचा आहे. तिशीच्या आत असाल तर पब्लिक विमा घ्या, बेफ्रायुंगचा फॉर्म हातात धरू नका. वाचणारे शंभर युरो ही बचत नव्हे. लग्न झालेलं असो वा नसो, मुलगी असो वा मुलगा, आमचा सल्ला बदलत नाही, कारण मुलाची बायकोही उद्या इथे येणार असते. पब्लिक विम्यात आरोग्याची प्रश्नावली नसते आणि गर्भारपणासाठी थांबण्याचा काळही नसतो. सातव्या महिन्यात सदस्य झालात तरी प्रसूती संरक्षणात बसते.

तिशीनंतर येणाऱ्यांनी पब्लिक विमा गृहीत धरणं

तिशी उलटल्यावर पहिल्यांदा जर्मनीत आलात तर विद्यार्थी म्हणून पब्लिकचं दार बंद असतं. भाषावर्ग आणि श्टुडिएनकोलेग, म्हणजे विद्यापीठाआधीच्या तयारीवर्गवाल्यांनाही विद्यार्थी दर मिळत नाही. मग प्रायव्हेट घ्यावाच लागतो, पण तो वाचून घ्या. पॉलिसीत दोन शब्द शोधा: 'श्वांगरशाफ्ट' म्हणजे गर्भारपण आणि 'एंटबिंडुंग' म्हणजे प्रसूती. त्याच परिच्छेदात 'वार्टेत्साइट' दिसेल, म्हणजे थांबण्याचा काळ. प्रसूतीसाठी तो बहुधा आठ महिन्यांचा असतो. स्वस्त पॉलिस्यांत बऱ्याचदा फक्त तातडीचे उपचार असतात, नियमित तपासण्या नसतात. पॉलिसीची माहितीपुस्तिका इंग्रजीतही मिळते. 'बघितली' म्हणू नका, वाचा.

यातून सुटायचा एक खरा रस्ता आहे आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. कुटुंब-व्हिसावर आलेल्या जोडीदाराला जर्मनीत काम करायला मोकळीक असते. बायकोने मिनीजॉबच्या (थोड्या पगाराच्या छोट्या नोकरीच्या) मर्यादेपेक्षा, म्हणजे 2026 साली महिना 603 युरोंपेक्षा, जास्त पगाराची नोकरी धरली की ती स्वतः पब्लिक विम्याची सदस्य होते. त्या दिवसापासून तिचं गर्भारपण आणि पुढे होणारं बाळ दोन्ही संरक्षणात येतात. नवऱ्याचं स्वतःचं उत्पन्न महिना 565 युरोंच्या आत असेल आणि त्याने बेफ्रायुंग घेतलेलं नसेल, तर तोही तिच्या विम्यात बसतो. तिशीवरच्या विद्यार्थ्याला बेफ्रायुंगची गरजच नसते, म्हणून हे जमतं. पण हे दिवस जाण्याआधी जुळवून ठेवावं. सहाव्या महिन्यात नोकरी शोधणं किती अवघड असतं ते शोधणारीलाच ठाऊक.

बायकोला प्रवासी विम्यावर ठेवणं

नवरा पब्लिकमध्ये, बायको कुटुंब-व्हिसावर आलेली, आणि तिच्याकडे व्हिसासाठी भारतात काढलेला प्रवासी विमा. तो संपेपर्यंत कोणी हालचाल करत नाही. प्रवासी विमा गर्भारपणाच्या नियमित तपासण्यांचे पैसे देत नाही. तिला नवऱ्याच्या कासेत कौटुंबिक विमा, म्हणजे फामीलियनफेरझिशरुंग, जास्तीचा एक युरोही न भरता मिळतो. ती उतरली त्याच आठवड्यात फॉर्म भरा, सोबत विवाहाचा दाखला आणि पत्त्याची नोंद जोडा. कार्ड यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर कासेकडून तात्पुरतं प्रमाणपत्र मागा, डॉक्टरांकडे ते चालतं.

कागद भारतात ठेवून येणं

दुसरी मोठी चूक ही. तिचा खर्च युरोंत कमी आणि महिन्यांत जास्त असतो.

बाळ जन्मल्यावर आठवड्याच्या आत श्टांडेसआम्टला, म्हणजे जन्म-विवाह नोंदणी कचेरीला, कळवावं लागतं. कागद बहुतेक वेळा रुग्णालयच पाठवतं. कचेरी मागते आई-वडिलांचे जन्मदाखले, विवाहाचा दाखला, पासपोर्ट, आणि जर्मनमध्ये शपथबद्ध भाषांतरकाराने केलेली भाषांतरं. इथेच गाडी अडते. आपल्याकडच्या अनेक जन्मदाखल्यांवर नावाची जागा कोरी असते, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आपलं सगळं आयुष्य चालून जातं. श्टांडेसआम्टला तो चालत नाही. विवाहाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि नवऱ्याच्या जन्मदाखल्यात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. यातली एकेक गोष्ट कारकुनाला स्वतंत्र अडचण वाटते, आणि त्याच्या जागी बसून पाहिलं तर ती असतेही.

वर अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावतात त्या सरकारी शिक्क्याचा, गैरसमज. मुंबई-पुण्यातले एजंट 'अपोस्टिल करून घ्या, झालं' म्हणून पैसे घेतात. भारताच्या अपोस्टिलला जर्मनीने आक्षेप घेतलेला आहे, त्यामुळे भारतीय कागदावरचं अपोस्टिल जर्मन कचेरीवर बंधनकारक नाही. शंका आली तर ती कागद जर्मन वकिलातीमार्फत तपासायला पाठवते. तिकडे वकील नेमला जातो, मूळ नोंदवही पाहिली जाते. याला महिने लागतात, शुल्क तुम्ही भरता.

म्हणून निघण्याआधी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन दोघांच्याही जन्मदाखल्यांवर नाव चढवून घ्या. नव्या, शिक्क्याच्या दोन-दोन प्रती घ्या. मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांतला दाखला मिळत असेल तर तोच. विवाहाची नोंदणी केलेली नसेल तर ती करा. मंगल कार्यालयाची पावती आणि लग्नपत्रिका इथे कामाला येत नाही. भाषांतर मात्र जर्मनीत, तिथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या, नाहीतर दुसऱ्यांदा पैसे जातात.

कागद अपुरे असतील तर कचेरी जन्मदाखल्याऐवजी नोंदवहीचा प्रमाणित उतारा देते. तो घ्यायला नकार देऊ नका. बाळाच्या विम्याचं काम त्यावर होतं. पूर्ण दाखला नंतर मिळवता येतो.

नावाचं म्हणाल तर घाई नको. नाव कळवायला महिन्याची मुदत असते, बाराव्या दिवसाचं बारसं त्यात आरामात बसतं. प्रसूतीगृहातली परिचारिका फॉर्म पुढे करते म्हणून घाबरून काहीतरी लिहून देऊ नका. मधलं नाव वडिलांचं, शेवटचं आडनाव, अशी आपली रचना हवी असेल तर ते त्याच वेळी स्पष्ट सांगा.

बाकीच्या, थोडक्यात

सुईण उशिरा शोधणं. पब्लिक विमा हेबामेचे, म्हणजे सुईणीचे, पैसे थेट देतो: पहिले दहा दिवस रोज घरी येणं, पुढे बारा आठवड्यांपर्यंत आणखी भेटी. आई-सासूला व्हिसा मिळत नाही तिथे घरी येऊन बाळाला अंगावर घ्यायला शिकवणारी तीच. मोठ्या शहरांत त्यांची टंचाई आहे, म्हणून गर्भचाचणी पॉझिटिव्ह आली त्याच आठवड्यात फोन सुरू करा.

मुटरपास घरी ठेवणं. पहिल्या तपासण्यांनंतर मिळणारी ही छोटी पुस्तिका म्हणजे तुमची सगळी वैद्यकीय माहिती. रात्री दोनला अनोळखी रुग्णालयात पोचलात तर तीच बोलते. पर्समध्येच ठेवा.

पुढे केलेल्या प्रत्येक जादा तपासणीवर सही करणं. पब्लिक विमा तीन सोनोग्राफी देतो: साधारण 9 ते 12, 19 ते 22 आणि 29 ते 32 व्या आठवड्यात. तपासणी दर चार आठवड्यांनी, शेवटचे दोन महिने दर दोन आठवड्यांनी. 24 ते 28 व्या आठवड्यातली साखरेची चाचणीही मोफत, आणि आपल्याकडच्या बायकांत गर्भारपणातल्या मधुमेहाचं प्रमाण जास्त असल्याने ती चुकवू नका. याखेरीज ज्यासाठी वेगळी सही मागतात ती बहुतेक 'इगेल', म्हणजे स्वखर्चाची सेवा. 'ही वैद्यकीय गरज आहे का?' असं विचारा आणि घरी जाऊन ठरवा.

औषधाच्या चिठ्ठीकडे न बघणं. गर्भारपणाच्या तक्रारींवरच्या औषधांना रुग्णाचा वाटा लागत नाही. दुकानात पाच-दहा युरो मागितले तर चिठ्ठीवर शुल्कमाफीची खूण राहिलेली असते. डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्या. फॉलिक अ‍ॅसिड मात्र आपल्याच पैशाने.

विद्यापीठाला न सांगणं. 2018 पासून विद्यार्थिनींनाही मातृसंरक्षण कायदा लागू आहे: प्रसूतीआधी सहा आठवडे, नंतर आठ. पण सांगितल्याशिवाय ते मिळत नाही. सत्र सोडायचं असेल तर आधी परदेशी नागरिक कचेरीत विचारा, मग अर्ज करा.

मदतीचा अर्ज बाळ झाल्यावर करणं. 'आई आणि मूल' या संघीय प्रतिष्ठानाकडून गरजू गर्भवतींना बाळाच्या सामानासाठी मदत मिळू शकते, परकीय विद्यार्थिनीलाही. कारितास, डियाकोनी किंवा प्रो फामिलिया यांच्या सल्लाकेंद्रात जाऊन अर्ज प्रसूतीआधीच करावा लागतो.

बाळंतपणाला न विचारता माहेरी जाणं. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलात तर निवास-परवाना आपोआप रद्द होतो. जास्त राहायचं तर निघण्याआधी लेखी मुदतवाढ घ्या. जर्मन पब्लिक विमा भारतातल्या बाळंतपणाचं बिल देत नाही. भारतातल्या पॉलिस्यांत प्रसूतीसाठी बहुधा दोन ते चार वर्षं थांबावं लागतं, म्हणजे आयत्या वेळी काढलेली पॉलिसीही कामाची नाही. आणि तिकडे जन्मलेल्या बाळाला परत आणायला वेगळा व्हिसा लागतो.

बाळाचे कागद लांबवणं. विम्याचा फॉर्म पहिल्याच आठवड्यात. जर्मनीत जन्मलेल्या बाळाच्या निवास-परवान्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत, आणि भारतीय वकिलातीत जन्माची नोंद एक वर्षाच्या आत. त्या नोंदीशिवाय बाळाला भारतीय पासपोर्ट मिळत नाही. बालरोगतज्ज्ञ मात्र प्रसूतीआधीच शोधून ठेवा, कारण चौथ्या-पाचव्या आठवड्यातल्या 'यू-3' तपासणीला वेळ मागायला गेलात की अनेक दवाखाने नवे रुग्ण घेत नसल्याचं सांगतात.